जुनी गाडी आणि फटींचा हिशेब

खंबाटकीचा घाट. पंचवीस वर्षांची मारुती ८०० तिसऱ्या गिअरवर चढणीला भिडते. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन मोठ्यांदा ओरडतं, पण वेग काही वाढत नाही. मागून आलेला उसाचा ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून जातो आणि थोड्या वेळाने गाडीत काहीतरी करपल्याचा वास पसरतो. दुसऱ्या एखाद्या गावात तशीच दुसरी मारुती असते. ती घाट बिनतक्रार चढते. पण गेटातून मागे घेताना रिव्हर्स टाकायला जावं तर असा काही ‘खर्रर्र’ आवाज करते, की शेजारी गॅलरीत येऊन बघतात.

दोन्ही गाड्या आपापल्या मेकॅनिककडे जातात. तो बॉनेट उघडतो, गिअरबॉक्सपाशी आलेल्या एका केबलच्या टोकाचा नट फिरवतो. पहिल्या गाडीत एका दिशेला, दुसरीत बरोबर उलट्या दिशेला. दोन्ही तक्रारी मिटतात, निदान काही महिने तरी. नट तोच, मग दोन विरुद्ध दुखणी त्यानेच कशी जातात?

याचं उत्तर एका फटीत आहे, आणि ती एकटी नाही. जुन्या पेट्रोल गाडीत अशा चार-पाच फटी असतात: क्लचची, स्पार्क प्लगची, पॉइंटची, टॅपेटची. प्रत्येकीचं माप कारखान्याने ठरवून दिलेलं असतं आणि गाडी चालेल तसं ते बदलत जातं. काही फटी वाढतात, काही बुजतात. ज्याला गॅरेजच्या भाषेत ‘ट्यूनिंग’ म्हणतात, ते बव्हंशी या फटी पुन्हा मूळ मापावर आणण्याचं काम असतं. म्हणूनच त्यातलं बरंचसं काम पाने, प्लग पाना आणि फट मोजणारा फिलर गेज एवढ्या सामानावर घराच्या अंगणात करता येतं.

क्लच काय करतो

सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा चाकं स्थिर असतात, पण इंजिन मिनिटाला आठ-नऊशे फेऱ्यांनी फिरत असतं. चाकांसाठी इंजिन थांबवायचं नाही आणि इंजिनासाठी चाकं फिरवायची नाहीत, हे जमवून आणण्याचं काम क्लचचं.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती असते. इंजिन फिरतं तशी ती फिरते. गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दांड्यावर क्लच प्लेट बसवलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर असतं. तिच्या पलीकडे प्रेशर प्लेट, आणि तिच्यामागे पसरट, पाकळ्या पाकळ्यांची एक मजबूत स्प्रिंग. पेडलवर पाय नसतो तेव्हा ही स्प्रिंग प्रेशर प्लेटला पुढे रेटते आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. मग दोघी एकत्र फिरतात. त्यांना जोडणारा दात नाही, खिळा नाही. सगळा कारभार दाबावर आणि घर्षणावर.

लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण तळहाताने उघडताना हेच होतं. हात कोरडा असेल आणि दाब पुरेसा असेल, तर झाकण हातासोबत फिरतं. दाब कमी पडला की झाकण जागच्या जागी राहतं, तळहात नुसता घासतो आणि गरम होतो. हाताला तेल लागलेलं असेल तर जोर लावूनही उपयोग नसतो. क्लच घसरण्याची, म्हणजे ‘स्लिप’ होण्याची सगळी कारणं यात आली: दाब कमी झाला, अस्तर झिजून गुळगुळीत झालं, किंवा इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून झिरपलेलं तेल प्लेटवर पोचलं. घाटातला करपट वास त्या घासून तापलेल्या अस्तराचा.

आता पेडल. पाय दाबला की केबल ओढली जाते, केबल एक काटा हलवते आणि काट्यावरचं रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्यांची मधली टोकं आत ढकलतं. मध्यभाग आत गेला की स्प्रिंगची कड बाहेर येते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते. पाय उचलला की सगळं उलट्या क्रमाने जागेवर.

इथेच ती फट आहे. पाय पेडलवर नसताना बेअरिंग आणि पाकळ्या यांच्यात एक-दोन मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. काट्याच्या आणि पेडलच्या तरफेमुळे तेवढीच जागा पेडलपाशी मोठी होऊन जाणवते: पेडल हाताने दाबलं तर सुरुवातीला काही अंतर ते अगदी हलकं जातं आणि मग अचानक जड लागतं. त्या हलक्या अंतराला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. मारुती ८०० सारख्या गाडीत तो साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तोच धरावा.

प्लेट झिजते, पेडल वर येतं

क्लचची एक गोष्ट भल्याभल्यांना उलटी वाटते. गाडीतली बहुतेक जोडकामं झिजली की ढिली होतात. क्लच प्लेट झिजली की मात्र प्ले वाढत नाही, कमी होतो.

कारण स्प्रिंगच्या रचनेत आहे. अस्तर पातळ झालं की प्रेशर प्लेट तेवढीच फ्लायव्हीलच्या जवळ जाते. तिच्यासोबत स्प्रिंगची कड पुढे सरकते आणि कड पुढे गेली की मधल्या पाकळ्या मागे, बेअरिंगच्या दिशेने येतात. महिन्यामागून महिने त्या येत राहतात. एक दिवस त्या बेअरिंगला टेकतात आणि प्ले शून्य होतो.

त्यानंतरची झीज धोक्याची. पाकळ्यांना मागे यायचं असतं, बेअरिंग वाटेत असतं. म्हणजे ड्रायव्हरने पाय ठेवलेला नसतानाही पेडल किंचित दाबलेलं असावं तशी स्थिती होते. स्प्रिंगचा पूर्ण दाब प्लेटपर्यंत पोचत नाही, प्लेट घसरते, घसरल्याने तापते, तापल्याने आणखी झिजते. घाटातल्या पहिल्या गाडीचं हेच झालेलं असतं. मेकॅनिक नट सैल करून केबलला थोडी ढील देतो, बेअरिंग मागे सरतं, स्प्रिंगला पुन्हा पूर्ण जोर लावता येतो.

दुसऱ्या गाडीत उलटी गोष्ट. तिथे प्लेट ठीक असते. केबलच्या तारा ताणल्या गेलेल्या असतात किंवा तिचं आतलं आवरण झिजलेलं असतं. प्ले वाढतो. पेडलचा बराचसा प्रवास ढील खाण्यातच जातो आणि पेडल तळाला टेकलं तरी प्लेट पुरती सुटत नाही. गिअरबॉक्सचा दांडा फिरतच राहतो आणि फिरत्या दात्यांत रिव्हर्सचे दाते घालायला गेलं की ते खर्र करतात. रिव्हर्समध्येच हे आधी कळतं, कारण पुढच्या गिअरना वेग जुळवून देणारी सोय असते. मारुतीसारख्या जुन्या गाड्यांच्या रिव्हर्सला ती नसते. इथे नट आवळून केबलची ढील काढायची.

नट फिरवल्याने प्लेट जाड होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. केबलवरचे आटे संपत आले आणि तरीही प्ले मिळेना, तर प्लेटचं आयुष्य सरलं. तीच गोष्ट प्ले बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर.

पट्टी घेऊन पाच मिनिटांत

इंजिन बंद करून पेडलशेजारी शाळकरी पट्टी उभी धरायची आणि बोटांनी पेडल हलकेच दाबत जायचं. पायाने नाही, पायाला हलका-जड फरक कळत नाही. जिथे अडथळा लागला तिथवरचं अंतर म्हणजे प्ले. तो मापात नसेल तर बॉनेटखालचा नट एकावेळी थोडाच फिरवावा, पेडल चार-पाच वेळा दाबून केबल जागेवर बसू द्यावी आणि पुन्हा मोजावं. बाहेर दिसणाऱ्या तारांपैकी एखादी जरी तुटून फुलारलेली दिसली, तर नटाच्या भानगडीत न पडता केबलच बदलावी. केबल तुटण्याचा मुहूर्त नेहमी घाटातला किंवा टोलनाक्याच्या रांगेतला असतो.

क्लच घसरतोय का हे बघण्याची जुनी पद्धतही साधी. सपाट, मोकळ्या जागी, समोर कोणी नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढून आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवून तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन गचकन बंद पडतं. पेडल पूर्ण सुटूनही इंजिन फिरत राहिलं, तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यायची. दर वेळी अस्तराचा थोडा चुरा होतोच.

ज्यांच्या गाडीत क्लच तेलावर, म्हणजे हायड्रॉलिक पद्धतीने चालतो, त्यांना हा नट शोधूनही सापडणार नाही. तिथे झिजेप्रमाणे तेलच जागा जुळवून घेतं. त्या मालकांनी तेलाची पातळी आणि पेडलच्या मागची ओल एवढंच बघावं.

क्लचचा खरा शत्रू मात्र सवय असते. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं, घोडबंदर रोडच्या कोंडीत पेडलवर पाय टेकवून बसणं. नुसत्या टेकलेल्या पायाचं वजनही तो प्ले खाऊन टाकायला पुरतं आणि मग वर सांगितलेला सगळा प्रकार निरोगी क्लचमध्येही सुरू होतो.

चौकट: क्लच काय सांगतो?

इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही, क्लच अगदी वर आल्यावर पकडतो: प्ले संपला आहे किंवा प्लेट संपली आहे.
रिव्हर्स खर्र करतो, क्लच अगदी तळाला पकडतो: प्ले वाढला आहे, केबल बघा.
पेडल दाबलं की घरघर येते, सोडलं की थांबते: रिलीज बेअरिंग जात आहे.
गाडी निघताना थरथरते: अस्तरावर तेल किंवा इंजिनाच्या फाउंडेशनचं रबर गेलेलं.
पेडल जड झालं: बहुधा केबल आतून गंजली आहे.

ठिणगीची फट

क्लच धड असूनही गाडीला पिकअप नसेल, ती ‘मिसिंग’ करत असेल, तर दुसऱ्या फटीकडे वळावं. स्पार्क प्लगच्या टोकाला दोन धातूंमध्ये मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर असतं. बॅटरीच्या १२ व्होल्टचे इग्निशन कॉइल हजारो व्होल्ट करते आणि तो दाब ही फट ओलांडून ठिणगी पाडतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक प्लगला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर मिनिटाला १५००, म्हणजे सेकंदाला २५. प्रत्येक ठिणगी धातूचा अगदी सूक्ष्म अंश खाऊन जाते. कडा बोथट होतात, फट रुंदावते आणि तेवढं अंतर ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. सपाट रस्त्यावर ते मिळतात. चढणीला, सिलिंडरमधला दाब वाढलेला असताना, मिळत नाहीत आणि एखादी ठिणगी चुकते. सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे लवकर जाणवतं, कारण पेट्रोलपेक्षा गॅसला ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज लागते.

मारुतीच्या पिढीतल्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ही फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवत. रस्त्याकडेच्या जुन्या मेकॅनिककडे फिलर गेज नसला तरी हॅक्सॉचं पातं असे. त्याची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर भरते आणि तेवढ्या अंदाजाने शेकडो गाड्या चालल्या. पण फिलर गेज मिळत असताना पात्याचा मोह कशाला? फट कमी करायची तर बाहेरचा वाकलेला पाय हलकेच ठोकावा. मधल्या चिनी मातीच्या भागाला पान्याचा धक्काही लागू देऊ नये.

प्लग काढताना इंजिन थंड हवं. मारुतीच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम ॲल्युमिनियममधून प्लग जोराने ओढला की आटे सोबत येतात. वायरींवर काढण्यापूर्वीच खुणा कराव्यात. तीन सिलिंडरच्या या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-२ आहे आणि दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी सुरूच होत नाही किंवा फटाके फोडते. बसवताना पहिले काही फेरे पान्याशिवाय, हातानेच द्यावेत. आटा वाकडा धरला तर हाताला लगेच कळतं, पान्याला कळत नाही.

काढलेला प्लग फेकण्यापूर्वी तो वाचावा. टोक फिकट तपकिरी असेल तर आतली जळण व्यवस्थित. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक अडकलाय का, एअर फिल्टर तुंबलाय का ते बघायचं. ओलसर, तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, आणि मग प्लग बदलून काही साधत नाही. पांढरट, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन आतून फाजील तापतंय. तिन्ही प्लगांपैकी एकच वेगळा दिसला, तर दोष त्या सिलिंडरपुरता. गॅरेजच्या बिलावरच्या अर्ध्या शंका या एका नजरेत फिटतात.

पॉइंटची बुजणारी फट

इलेक्ट्रॉनिक इग्निशन येण्याआधीच्या गाड्यांत आणखी एक फट होती आणि तिने मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या कित्येक सकाळी खाल्ल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी घ्या. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, आणि प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली सीबी पॉइंट. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर राहिली नाही. हौशी मालकांच्या दारात मात्र पद्मिनी आजही उभ्या आहेत, आणि पॉइंट सेट करता येणारे हात कमी होत चालले आहेत.

पॉइंट हे खरं तर एक छोटं बटण. डिस्ट्रिब्युटरच्या मधला दांडा फिरतो, त्यावरचे उंचवटे बटण उघडतात आणि ज्या क्षणी ते उघडतं, त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटून ठिणगी पडते. उंचवट्यावर घासणारी बटणाची टाच फायबरची असते. ती झिजते, आणि पॉइंटची फट बुजत जाते. म्हणजे प्लगची फट वाढते त्याच काळात पॉइंटची कमी होत असते. फट कमी झाली की बटण उशिरा उघडतं आणि ठिणगी उशिरा पडते.

उशीर किती महाग पडतो ते बघण्यासारखं आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटल्याबरोबर सगळं जळत नाही. ज्योत पसरायला दोनेक मिलिसेकंद लागतात. ३००० फेऱ्यांवर इंजिनाचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे ज्योत पसरेपर्यंत दांडा एक दशांश फेरा पुढे गेलेला असतो. म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या आधीच पाडतात. ती उशिरा पडली तर पिस्टन खाली निघालेला असताना दाब वाढतो; जोर कमी मिळतो आणि उरलेली उष्णता सायलेन्सरच्या वाटेने जाते. गाडी मंद, गरम आणि पेट्रोलखाऊ होते. फार लवकर पडली तर इंजिन ‘नॉकिंग’ करतं.

त्यामुळे आधी पॉइंटची फट, मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, हा क्रम बदलता येत नाही. टायमिंग जुळवून नंतर पॉइंट हलवला, तर टायमिंग पुन्हा हललंच. पॉइंटच्या तोंडावर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून तात्पुरतं भागतं. पण खड्डे वारंवार पडत असतील तर शेजारचा कंडेन्सर तपासावा. पॉइंटवर जाळ होऊ न देणं हे त्याचंच काम.

शांत टॅपेटची भीती

‘टॅपेट वाजतात’ ही तक्रार सगळ्यांना माहीत असते. व्हॉल्व्ह उघडणारा भाग आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात केसभर फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू वाढतो. ती फट वाढली की टकटक ऐकू येते. आवाज कटकटीचा, नुकसान थोडं.

खरी काळजी करायची ती ज्याचा आवाज अचानक थांबला त्या टॅपेटची. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, फट बुजते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालभडक तापत असतो आणि थंड होण्यासाठी त्याला बैठकीवर टेकणं भाग असतं. टेकला नाही तर त्याची कड जळते. देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाविरहित पेट्रोल आलं तेव्हा मऊ बैठकीच्या फार जुन्या इंजिनांत हा प्रश्न जास्त दिसू लागला, कारण शिशाचा थर बैठकीला थोडं संरक्षण देत असे. हवेसाठी ते शिसं गेलं हे उत्तमच झालं. अशा गाडीच्या मालकाने फिलर गेज जरा लवकर काढावा इतकंच. मॅन्युअलमधला आकडा थंड इंजिनाचा आहे की गरम, हे नीट वाचून घ्यावं. चुकीच्या तापमानाला घेतलेलं माप न घेतल्यापेक्षा वाईट.

कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी

हौशी मालक बॉनेट उघडून पहिल्यांदा काय फिरवतो? कार्ब्युरेटरचा, पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा स्क्रू. तो दिसतो, स्क्रू ड्रायव्हरने फिरतो आणि फिरवला की लगेच इंजिनाचा आवाज बदलतो. काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण प्लगची फट वाढलेली असताना, ठिणगी उशिरा पडत असताना मिश्रण जुळवणं म्हणजे एक चूक दुसरीने झाकणं. टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग, एअर फिल्टर हे सगळं जागेवर आल्यावर इंजिन गरम असताना स्क्रूला हात लावावा. बऱ्याचदा तोवर त्याची गरजच उरत नाही.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते. पीयूसीचं यंत्र धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून याचाच अंदाज घेतं. भारत स्टेज २ निकषांपूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना ०.५ टक्का. म्हणजे सगळी मापं ठीक असलेल्या जुन्या गाडीला पीयूसीची धास्ती बाळगायचं कारण नाही. पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करून, पर्यावरण कर भरून खाजगी गाडी महाराष्ट्रात पुढेही वापरता येते. त्या वेळच्या तपासणीतही हेच काम उपयोगी पडतं.

अलीकडे जुन्या गाडीच्या अडचणींत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली आहे. अंशतः आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून आलेलं हे इथेनॉल स्वतःसोबत ऑक्सिजन घेऊन येतं. संगणकाने इंधन मोजणारी गाडी ते ओळखून जरा जास्त पेट्रोल सोडते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. त्याची भोकं ठरलेली असतात, म्हणून मिश्रण थोडं पातळ होतं: सकाळी चोक जास्त वेळ लागतो, रेस देताना गाडी अडखळते. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलने फुगतात, चिरतात. अशा गाडीत प्लगच्या आधी पेट्रोलच्या नळ्या चाचपाव्यात. पेट्रोलचा वास येत असेल तर बाकीचं ट्यूनिंग राहू द्यावं.

मारुती ८०० लाही २००० च्या सुमारास कार्ब्युरेटरऐवजी संगणकाने इंधन सोडणारं एमपीएफआय आलं. त्या गाड्यांत मिश्रणाचा स्क्रू नाही, पॉइंट नाही. चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर काढून दोष शोधण्याची जुनी युक्तीही तिथे करू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग जातो. क्लचची केबल आणि तिचा नट मात्र या गाड्यांतही तसाच राहिला.

अंगण कुठे संपतं

क्लच प्लेट बदलणं हे घरचं काम नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मारुतीत त्यासाठी दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट निघतात, गिअरबॉक्स उतरतो आणि इंजिनाला खालून किंवा वरून आधार द्यावा लागतो. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरणं तर कोणत्याही कामासाठी वेडेपणाच. स्टँड नसेल तर खाली जायचं नाही. जुन्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसही वापरलं जायचं. त्यामुळे आतली काळी भुकटी फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

गॅरेजमध्ये गाडी दिली तरी मालकाने बघण्यासारखं बरंच असतं. जुनी प्लेट मागून घ्यावी. अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलंय, की अजून जाड असून तेलाने काळं पडलंय? तेलाने काळं असेल तर ऑइल सील बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू देऊ नये. ती त्याच वाटेने जाईल. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा रेघा आहेत का, तेही दाखवायला सांगावं. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, म्हणून एकट्या प्लेटऐवजी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट टाकलेला परवडतो. केबल जुनी असेल तर तीही त्याच वेळी.

नवं अस्तर सुरुवातीला फ्लायव्हीलवर सगळीकडे सारखं टेकत नाही. उंच भाग आधी झिजतात आणि या काळात प्ले नेहमीपेक्षा भराभर बदलतो. म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पट्टी पुन्हा पेडलशेजारी उभी करायची, आणि तोवर गाडी माणसांनी खच्चून भरून महाबळेश्वरला न्यायची नाही.